होडीत पेट्रोल भरताना लागलेली आग: गंगापूर फुगवट्यावरचं एक प्रकरण

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे साचलेल्या पाण्यावर, मासेमारी करणाऱ्या एका गटाच्या होडीला एप्रिलमधल्या एका दुपारी आग लागली. होडी १७ फुटी, फायबरची. मागे २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, चावीवर सुरू होणारं. होडीत दोघंच होते: गटाचे म्होरके, ज्यांना काठावरचे सगळे नाना म्हणतात, आणि त्यांचा पुतण्या. पेट्रोल भरून झालं, पुतण्याने चावी फिरवली आणि तळाच्या फळ्यांखालून भपका उठला. पुतण्याच्या दोन्ही पोटऱ्या भाजल्या, नानांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. दोघंही वाचले, दोघंही आता बरे आहेत. होडीचा मागचा तिसरा हिस्सा आणि बॅटरी गेली, इंजिनाचं वरचं झाकण वितळून एका बाजूला ओघळलं.

मी आउटबोर्ड आणि पंपांची इंजिनं दुरुस्त करतो. मला बोलावलं ते इंजिन वाचतंय का हे बघायला. इंजिन वाचलं. पण आग लागली कशी, यावर काठावर जे बोललं जात होतं ते मला पटेना, म्हणून होडी पुन्हा नीट तपासली आणि दोघांना वेगवेगळं बसवून सगळं विचारलं. गटाची हरकत नाही, म्हणून ते सगळं इथे लिहितो. नाशिक जिल्ह्यात धरणांच्या पाण्यावर अशा होड्या पुष्कळ आहेत आणि पेट्रोल भरायची पद्धत जवळपास सगळीकडे हीच दिसते.

त्या दिवशी काय घडलं

पेट्रोल सकाळी आणलं होतं. कॅन २० लिटरचा, खाद्यतेलाचा, पांढरा. त्याचं मूळ झाकण कधीच हरवलेलं. तोंडावर कॅरीबॅगचा तुकडा ताणून त्यात लाकडी बूच ठोकलेलं. सकाळच्या गारव्यात तो काठोकाठ भरला आणि पिकअपच्या हौद्यात, गिरणाऱ्याहून रिकाम्या आलेल्या टोमॅटोच्या क्रेटशेजारी, ताडपत्रीवर ठेवला. दुपारी दोनपर्यंत तो तिथेच उन्हात होता.

पेट्रोल तापलं की फुगतं. एका अंशाला साधारण हजारात एक भाग. सकाळचे २० अंश आणि उन्हात तापलेल्या कॅनमधले ४५ अंश धरले तर २० लिटरमागे अर्धा लिटर वाढ होते. काठोकाठ भरलेल्या कॅनमध्ये या अर्ध्या लिटरला जागाच नसते, आणि वर वाफेचा दाब असतो तो वेगळा. पुतण्याने बूच उपटलं तेव्हा पेट्रोल फसफसून त्याच्या हातावर आणि पायावर आलं. त्याच्या अंगात नायलॉनची ट्रॅक पँट होती. ही गोष्ट त्याने मला सहज, जाता जाता सांगितली. नेहमी असंच होतं, म्हणाला.

इंजिनाची २४ लिटरची लाल टाकी होडीतच होती, मागच्या फळीखाली. नानांनी नरसाळं धरलं, पुतण्याने कॅन कलता केला. नरसाळं म्हणजे पाण्याच्या बाटलीचा कापलेला वरचा भाग. तो टाकीच्या तोंडात गच्च बसायचा. नाना त्याला चांगला गुण समजत होते, कारण हलत नाही. पण टाकीत पेट्रोल शिरतं तेवढी आतली हवा बाहेर यायला हवी. तोंड असं बंद केलं की ती हवा नरसाळ्यातूनच उसळी मारते. दुसरीकडून कॅनच्या तोंडातूनही हवा गुडगुडत आत जाते, त्यामुळे धार सरळ पडत नाही, गचके खाते. त्यात पाण्यावर हलणारी होडी. एका उसळीत पेट्रोल बाहेर आलं. नाना म्हणतात वाटीभर, पुतण्या म्हणतो ग्लासभर. मी वाटीवरच हिशोब करतो, तोसुद्धा पुरेसा आहे.

सांडलेलं पेट्रोल फळ्यांच्या फटीतून तळाला गेलं. तळात जाळ्यांतून निथळलेलं पाणी साचलं होतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, तेव्हा ते तळाला मुरलं नाही, त्या सगळ्या पाण्यावर पातळ होऊन पसरलं. एका जागी साचलेलं पेट्रोल सावकाश उडतं. असं पसरलेलं भराभर उडतं. पुतण्याने फळीचा वरचा भाग फडक्याने पुसला, फडकं फळीखाली कोंबलं, झाकण लावलं, नळी जोडली, नळीतला रबरी फुगा दाबून पेट्रोल इंजिनापर्यंत चढवलं आणि चावी फिरवली. सांडल्यापासून चावीपर्यंत तीन-चार मिनिटं गेली असतील, असं दोघंही सांगतात.

ठिणगी कुठली

काठावर एकच कारण सांगितलं जात होतं: पोराच्या खिशात मोबाइल होता, तो वाजला, म्हणून पेट्रोलने पेट घेतला. पुतण्याला तर हे इतकं पटलं होतं की माझ्यासमोर तो स्वतःला दोष देत बसला होता.

होडी काही वेगळंच सांगत होती. फळ्या उचलल्या तेव्हा त्यांची खालची बाजू कोळशासारखी काळी होती आणि वरची बाजू बऱ्यापैकी स्वच्छ. म्हणजे आग आधी खाली होती. बॅटरीचा डबा तळालाच, इंजिनाच्या पायाशी ठेवलेला. तो आतून बाहेर वितळला होता. बॅटरीचं एक टर्मिनल सैल होतं, बोल्टऐवजी तार गुंडाळून घट्ट केलेलं, आणि त्या तारेखाली शिशावर चण्याच्या डाळीएवढा खड्डा पडला होता, कडा वितळून गोल झालेल्या. चावी फिरवली की स्टार्टर मोटर मोठा करंट ओढते. सैल जोडणीवर तेव्हा ठिणगी पडतेच, आणि इथे ती रोज पडत असणार. मोबाइल शर्टाच्या वरच्या खिशात होता आणि आगीनंतरही चालू होता. पेट्रोलची वाफ जिथे होती तिथून तो तीन-साडेतीन फूट वर होता.

पुतण्याला हे मी टर्मिनल हातात देऊन दाखवलं. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवणं मला इंजिनाइतकंच गरजेचं वाटलं.

पण टर्मिनलवर बोट ठेवून थांबलं तर पुढच्या वेळी टर्मिनल घट्ट असेल आणि ठिणगी दुसरीकडून येईल. इंजिनाचा स्विच, रिले, सुटलेली वायर, काठावरच्या कुणाची बिडी, लोखंडावर आपटलेली लोखंडी पहार. प्लास्टिकच्या नळीतून किंवा नरसाळ्यातून पेट्रोल वाहताना तयार होणारी स्थिर वीजसुद्धा पुरते. होडीवरची प्रत्येक ठिणगी बंद करणं कुणालाच जमणार नाही. वाफ होडीत येऊ न देणं मात्र जमतं, आणि या प्रकरणात विचारायचा प्रश्न तोच आहे: इतकी वाफ होडीच्या तळात आली कशी?

पेट्रोल पेटण्याजोगी वाफ सोडू लागतं ते उणे ४० अंशांच्याही खाली. नाशिकची थंडी कितीही कडक असो, निफाडला द्राक्षांवर दहिवर गोठत असो, पेट्रोलची वाफ पेटण्याजोगीच असते. एप्रिलच्या दुपारी ती फक्त जास्त आणि लवकर येते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जाऊन वाऱ्याबरोबर निघून जात नाही, उतरून खाली बसते. उघड्या होडीत कसली वाफ साचते, असं नाना म्हणाले, आणि पुष्कळ जण तसंच म्हणतात. वरून होडी उघडी असली तरी तिच्या कडांनी वारा अडतो आणि फळ्यांखालची जागा तर झाकलेलीच असते. परातीत पाणी साचावं तशी वाफ तिथे साचते.

हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ टक्क्यांपासून ७.६ टक्क्यांपर्यंत असली की मिश्रण पेटतं. वाटीभर, म्हणजे १०० मिलिलिटर पेट्रोल पूर्ण उडालं तर १८ लिटरच्या आसपास वाफ होते. या होडीच्या फळ्यांखालची जागा मी मापली. पाणी वगळून अडीचशे लिटरच्या घरात भरली. सगळं उडालं असतं तर वाफ ७ टक्के झाली असती, निम्मंच उडालं तर साडेतीन. दोन्ही आकडे पेटणाऱ्या पट्ट्यात बसतात. आणि सैल टर्मिनल बरोबर त्याच जागेत होतं.

वास आला नव्हता का, हे मी दोघांनाही विचारलं. आला होता. पण होडीला नेहमीच पेट्रोलचा वास असतो, त्यामुळे वास म्हणजे काही वेगळं घडलंय असं कुणाला वाटलं नाही. नाक त्या वासाला लवकर सरावतं. म्हणून या होडीवर आता पहिली अट अशी: आधी होडीचा कायमचा वास गेला पाहिजे. नळीच्या जोडातून होणारी पाझर बंद झाली, तळ कोरडा राहू लागला, भिजलेली फडकी होडीत ठेवणं थांबलं, की मग वास आल्यावर तो काहीतरी सांगतो.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. नानांनी उभा जन्म डिझेल पंपांवर काढलाय. डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला पेटण्याजोगी वाफ सुटू लागते ते, ३५ अंशांच्या वर असतो. डिझेल सांडलं तर माती टाकायची, पुसायचं, हँडल मारायचं, काही होत नाही. ते हात, ती घाई, तो बेफिकीर सराव सगळा डिझेलचा आहे आणि डिझेलपुरता तो चुकीचाही नाही. आउटबोर्ड आल्यावर इंधन बदललं, हात तेच राहिले. आपल्याकडच्या बहुतेक होडीवाल्यांचा प्रवास असाच झालेला आहे.

आग लागल्यावर

पुतण्या लगेच पाण्यात उडी मारून विझला. उथळ पाणी, काठ जवळ, म्हणून हे शक्य झालं. नानांनी बादलीने धरणाचं पाणी होडीत ओतलं. पेटलेलं पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढच्या भागात गेलं आणि आग मागच्या भागातून मधल्या फळीपर्यंत आली. नानांचा हात भाजला तो याच वेळी. पाण्याने पेट्रोलची आग विझत नाही, पसरते, हे त्यांना ऐकून माहीत होतं. पण पाण्यावर उभ्या असलेल्या माणसाचा हात आधी पाण्याकडेच जातो. म्हणून अशा होडीवर पावडरचं अग्निशामक नळकांडं हाताशी असलं पाहिजे.

गटाकडे ते होतं. वर काठावरच्या खोपटात, खिळ्याला टांगलेलं, काटा लाल पट्टीत गेलेला. आग शेवटी शेजारच्या होडीवाल्यांनी ओली पोती आणि काठावरचा ओला गाळ टाकून दाबली. त्यातल्या एकाने टाकीची कडी धरून ती ओढून बाहेर फेकली. त्याच्या हिमतीबद्दल मला आदर आहे, तरी हे कुणी करू नये असंच मी सांगेन. टाकी बाजूने मऊ पडू लागली होती. आग टाकीपर्यंत गेली की होडी सोडून लांब जायचं आणि १०१ ला फोन करायचा. होडी पुन्हा बांधता येते.

नळकांडं आता होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला आहे, इंजिन आणि टाकीपासून सगळ्यात लांब. आग मागे लागते आणि माणूस पुढे पळतो, तेव्हा ते पळायच्या वाटेवर हवं. मागच्या फळीखाली ठेवलं तर ते काढायला आगीतच हात घालावा लागेल.

भाजलेल्या पायांवर कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद आणायला धावलं. नानांच्या घरच्या वहिनींनी दोघांनाही थांबवलं आणि प्यायच्या पाण्याचे हंडे मागवून पायांवर सलग धार धरली, १०८ ची गाडी येईपर्यंत. हेच बरोबर होतं. भाजल्यावर निदान २० मिनिटं साधं गार वाहतं पाणी, बर्फ नाही, लेप नाही. पँटचं नायलॉन वितळून कातडीला चिकटलं होतं, तेही त्यांनी ओढू दिलं नाही. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ते नंतर काढलं. त्या दिवशी या सगळ्या प्रकारात पूर्ण बरोबर वागलेली व्यक्ती त्या एकट्याच.

होडीभोवती पाण्यावर इंद्रधनुषी तवंग पसरला होता. त्यावर कपड्याची पावडर टाकून तो घालवावा, असं कुणीतरी सुचवलं आणि नशिबाने कुणी टाकली नाही. पावडरीने तवंग दिसेनासा होतो, पण पेट्रोल पाण्यात मिसळतं आणि त्यात साबणाची भर पडते. हे नाशिक शहराच्या पिण्याचं पाणी आहे. पेट्रोलचा थर एक मायक्रॉन जाडीचा धरला तर एक लिटरमधून हजार चौरस मीटर पाणी झाकलं जातं. भरताना रोज सांडणाऱ्या वाटीचा तवंग शंभर चौरस मीटरचा. त्यातलं बरंचसं उन्हात उडून जातं, पण रोज सांडायचं म्हणजे रोज तवंग.

टाकी होडीतच का भरली जात होती

हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारला आणि तो आधी विचारायला हवा होता, असं उत्तर मिळालं.

दिवाळीला फुगवटा भरलेला असतो. पाणी रस्त्याच्या जवळ असतं, होडी खोपटाखालीच लागते. तेव्हा नाना टाकी काढून वर आणतात, पिकअपपाशी भरतात आणि पुन्हा ठेवतात. एप्रिलपर्यंत पाणी खूप खाली उतरतं. मध्ये गाळपेराची, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरायची वावरं मोकळी होतात, त्याखाली भेगाळलेली माती आणि पाण्यालगत गुडघाभर चिखल. भरलेली २४ लिटरची टाकी वीस किलोची होते. ती चिखलातून एका हाताने नेणं खरंच अवघड आहे. म्हणून उन्हाळ्यात टाकी होडीत राहते आणि पेट्रोलच खाली येतं. जे वर्षातले सहा-आठ महिने बरोबर होत होतं ते पाणी उतरल्यावर बिघडत गेलं, दरवर्षी, आणि बिघडतं नेमकं सगळ्यात जास्त उन्हाच्या महिन्यांत.

‘टाकी नेहमी जमिनीवर भरा’ एवढं सांगून भागणार नव्हतं. नाना ऐकून घेतील, मान डोलावतील आणि पुढच्या एप्रिलमध्ये चिखल पाहून पुन्हा होडीतच भरतील. मीही त्या चिखलातून चाललोय, मी वेगळं केलं नसतं. टाकीच हलकी करायला हवी होती.

म्हणून एका २४ लिटरच्या टाकीऐवजी १२ लिटरच्या दोन घेतल्या. दोन्हींना तोच जोड बसतो. एक होडीत, दुसरी वर. पेट्रोल संपत आलं की रिकामी काढायची, भरलेली लावायची, ‘खट’ आवाज आला की झालं. होडीत ओतणं हा प्रकारच उरला नाही. भरलेली छोटी टाकी अकरा किलोच्या आसपास जाते. तीही ते टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवतात आणि दोघं दोन बाजूंनी कड्या धरून नेतात. ही युक्ती पुतण्याची आणि ती मला फार आवडली. क्रेट चिखलात टेकवता येतो, टाकी कलंडत नाही.

खर्चावर नाना अडले होते. दुसऱ्या टाकीला पैसे कशाला, म्हणाले. मी त्यांना वितळलेल्या झाकणाची किंमत सांगितली. दोन्ही टाक्या मिळूनसुद्धा त्याच्या खाली होत्या.

भरायची जागा वर, रस्त्यालगत, मुरमाच्या सपाट तुकड्यावर ठरली. खोपटातली चूल तिथून लांब आहे आणि वारा सहसा पाण्याकडून येतो, तेव्हा टाकी चुलीच्या बाजूला ठेवायची नाही. टाकी आणि कॅन दोन्ही जमिनीवर, पिकअपच्या हौद्यात नाही. ताडपत्रीवर किंवा रबरी चटईवर ठेवलेल्या कॅनमधली स्थिर वीज जमिनीत उतरत नाही. ती धारेबरोबर साठते आणि तोंडाशी ठिणगी पडू शकते. पंपावर कॅन भरतानाही हेच: गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवायचा आणि बंदुकीचं टोक कॅनच्या तोंडाला टेकलेलं ठेवायचं.

नरसाळं आता रुंद तोंडाचं आहे, टाकीच्या तोंडात सैल बसणारं, धातूचं, कापडाऐवजी बारीक जाळी असलेलं. कॅनमधून थेट ओतायच्या ऐवजी हाताने दाबायचा छोटा पंप घेतला. आधी पुतण्या कधीकधी नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायचा. हे थांबवण्याबद्दल मी सगळ्यात जोरात बोललो. घोटभर पेट्रोल घशातून चुकून श्वासनळीत गेलं तर फुप्फुसं सुजतात आणि माणूस दवाखान्यात जातो. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, कारण उलटीत ते पुन्हा श्वासनळीत जातं. सरळ डॉक्टरकडे न्यायचं.

टाकी भरताना वर रिकामी जागा सोडायची, दहाव्या हिश्शाएवढी. झाकणावरचा हवेचा स्क्रू नेताना बंद, इंजिन चालू करताना उघडा. तो उघडायचा विसरला तर इंजिन थोडं चालून बंद पडतं आणि मग लोक नळी काढून बघतात, पेट्रोल सांडतं. पुष्कळ ‘इंजिन बिघडलंय’च्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यात हा स्क्रूच असतो.

टाकी लावली तरी लगेच चावी नाही. तळाची एक फळी आता खिळे न मारता सुटी ठेवलीय. ती उचलायची, तळ स्पंजने कोरडा करायचा, खाली वाकून वास घ्यायचा. वास असेल तर फळ्या उघड्या ठेवून थांबायचं. बॅटरी डब्यासकट वर, फळीच्या उंचीवर आणली, टर्मिनलला बोल्ट बसवले.

कॅन आणि साठा

खाद्यतेलाचा कॅन बाद केला. त्याच्या तळातलं उरलेलं पेट्रोल मी काचेच्या बरणीत ओतून उजेडात धरलं. दोन थर स्पष्ट दिसत होते: वर पिवळसर स्वच्छ, खाली बोटभर गढूळ. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. बूच सैल, काठावरची दमट हवा, कधी पावसाचं पाणी. एका मर्यादेपलीकडे पाणी झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं. टाकीतली नळी तळातूनच ओढते, त्यामुळे इंजिनाला आधी हे गढूळ पाणीच मिळतं आणि ते भर फुगवट्यात बंद पडतं. नानांचं इंजिन हिवाळ्यात दोनदा असं मध्येच बंद पडलं होतं. त्याचं कारण या बरणीत होतं.

जागी आला २० लिटरचा धातूचा कॅन, रबरी वायसरच्या झाकणाचा. कायदाही हेच सांगतो. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार पेट्रोल अ वर्गात येतं. विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, तेही घट्ट बंद भांड्यात: धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंतचं. पाण्याच्या बाटल्या आणि तेलाचे प्लास्टिक कॅन यात कुठेच बसत नाहीत. नोंदणी केलेल्या मोटारवाहनाच्या मालकाला त्याच्या इंजिनासाठी टाकीतल्याशिवाय आणखी १०० लिटरपर्यंत मुभा आहे, आणि या कायद्याच्या व्याख्येत मोटारवाहनात होडीही येते. पण साठा ३० लिटरच्या वर गेला की तो राहत्या किंवा कामाच्या खोलीला न जोडलेल्या वेगळ्या जागेत हवा. नानांचा कॅन पूर्वी पडवीत, गॅसच्या सिलिंडरशेजारी असायचा. आता घरापासून लांब पत्र्याची छोटी पेटी आहे, सावलीला, कुलूप लावलेली. तिची भोकं खाली जमिनीलगत पाडायला सांगितली. वाफ खाली बसते, वरच्या भोकांचा तिला उपयोग नाही.

होडीची नोंदणी अजून बाकी आहे, तोवर १०० लिटरची मुभा आपली नाही असंच धरून चालायचं. एकावेळी २० लिटरच आणायचं ठरलंय. मोटारसायकलच्या फेऱ्या वाढतात, त्याला इलाज नाही.

तेलाबद्दल शेवटचं. हे इंजिन ५० ला १ या प्रमाणात टू-टी तेल (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं वंगण) मागतं, १२ लिटरला २४० मिलिलिटर. नाना आधी अख्ख्या कॅनमध्ये तेल मिसळून ठेवायचे आणि पावसाळ्यात होडी बंद झाली की ते मिश्रण महिनोन्‌महिने पडून राहायचं, कारण ते मोटारसायकलला चालत नाही. आता तेल फक्त छोट्या टाकीत, लागेल तेव्हाच मिसळतात. कॅनमधलं पेट्रोल साधं राहतं, आणि होडी काठावर चढवली की उरलेलं पुतण्याच्या मोटारसायकलमध्ये जातं. बरणीतलं गढूळ पेट्रोल मात्र धातूच्या छोट्या डब्यात, वर ‘खराब’ लिहून, पत्र्याच्या पेटीत वेगळं ठेवलंय. जमिनीत ओतू नका एवढं सांगून ठेवलंय, आणि ते कुणाकडे द्यायचं याची चौकशी पुतण्या करतोय.